किती वेळ बाहेर थांबणार?

तो आवाज यायला लागल्यावर काही दिवसांतच आमच्या रुग्णालयात धडधाकट माणसंही येऊन बसायला लागली. ना खोकला, ना ताप, ना हातात जुनी फाईल. चांगले कपडे घालून यायची, हॉलमधल्या खुर्च्या अडवायची आणि छताकडे बघत बसायची. आजारी माणसं भिंतीला टेकून उभी असायची. पहारेकरी विचारायचा, कुणाला दाखवायचंय? तर म्हणायची, दाखवायचं नाही, ऐकायचंय.

ऐकायचं ते छतातल्या स्पीकरमधून यायचं. गर्दी अगदी रंगात आली की मध्येच एका बाईचा आवाज बोलायचा. पुकारायचा नाही, शेजारी बसून बोलावं तसा बोलायचा.

“ऐकू येतंय का? मी इथेच आहे. आत या ना. किती वेळ बाहेर थांबणार?”

एवढंच. मग खिडक्यांवर एकच ओरडा व्हायचा की मशीन गेलं, सगळं गेलं. हॉलमध्ये लोक हात जोडायचे. कुणी रडायचं. आणि ज्याची शस्त्रक्रिया ठरलेली आहे असा एखादा माणूस हळूच उठायचा, फाईल काखोटीला मारायचा आणि बाहेर पडायचा तो पुन्हा यायचाच नाही. कारण बोलणारी बाई जिवंत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

ती माझी बायको.

तिने या रुग्णालयाच्या चौकशी खिडकीत अर्धं आयुष्य काढलं. नंबर पुकारायची यंत्रणा बसवली तेव्हा आवाज तिचाच घेतला होता. नंबर, खिडक्यांची नावं, ‘कृपया शांतता राखा’, सगळं तिनेच म्हटलं. ती गेल्यावर व्यवस्थापक साहेबांनी मला विचारलं होतं, आवाज बदलू या का? मी नको म्हटलं. मी रुग्णालयाचा सर्व्हर सांभाळतो. जिन्याखालच्या थंड खोलीत माझं काम, आणि भिंतीपलीकडे दिवसभर तिचं नंबर पुकारणं. त्याची मला सवय झाली होती. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं, तो कामाचा आवाज होता.

पण हे वाक्य तिने कधी पुकारलेलं नव्हतं. मी तिच्या सगळ्या घोषणा एकेक करून ऐकल्या. हे वाक्य त्यांत कुठेच नाही. ते कळलं तेव्हा मी त्या थंड खोलीतून बाहेर येऊन बसलो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण विश्वास नसला म्हणून भीती वाटत नाही असं नाही.

आता मशीनचं सांगतो. सर्व्हर हळू चालायला लागला होता. तपासण्यांचे अहवाल, औषधांचा साठा, नंबर, सगळं त्याच एका मशीनवर. म्हणून त्याची मेमरी वाढवायचं ठरलं. मेमरी म्हणजे तळहाताएवढ्या हिरव्या पट्ट्या, खाचेत दाबून बसवायच्या. साप्ताहिक सुट्टीला मी जुन्या पट्ट्यांच्या शेजारी नव्या बसवल्या. मशीन चालू केलं, त्याने स्वतःच मोजणी केली, सगळ्या पट्ट्या हजर म्हणालं. मी खूश होऊन घरी गेलो. पुढच्याच गर्दीच्या दिवशी सर्व्हर कोसळला, आपोआप पुन्हा उठला, आणि ती बोलली.

पुढच्या सुट्टीला मी वीजपुरवठा बदलला. तारा बदलल्या. पंख्यांवरची धूळ काढली. तरी तो कोसळतच होता. कधी सकाळी दोनदा, कधी दिवसभर काहीच नाही. प्रत्येक वेळी तिचा आवाज यायचा आणि मी डोळे मिटून घ्यायचो.

एवढ्यावर भागलं असतं तर मी निभावून नेलं असतं. पण आवाज पहिल्यांदा आला तेव्हा माझी मुलगी हॉलमध्ये बसलेली होती.

तिच्या गळ्यात गाठ निघाली होती. तपासणीचा निकाल चांगला आला नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, आत्ता काढली तर पोरगी ठणठणीत होईल, पण थांबू नका. तिच्या आईलाही गाठच होती, शरीरात दुसऱ्या जागी, आणि तिच्या वेळी उशीर झाला होता. त्यामुळे ‘थांबू नका’ हे दोन शब्द आमच्या घरात कुणाला समजावून सांगावे लागत नव्हते. शस्त्रक्रियेची तारीख ठरली. ती रक्त द्यायला आली, नंबराची चिठ्ठी हातात घेऊन बसली, आणि वरून तिची आई म्हणाली, आत या ना.

मुलगी चिठ्ठी तिथेच टाकून घरी निघून गेली.

त्यानंतर माझी मेहुणी महाराजांना घेऊन आली. मेहुणी वाईट नाही. बहीण गेल्यापासून आमच्या घरचं निम्मं तीच बघते, माझ्या मुलीवर जीव टाकते. तिला कुणीतरी सांगितलं की हे महाराज अडकलेल्या आत्म्यांशी बोलतात. पांढरे कपडे, दाढी विंचरलेली, कानात एक छोटं यंत्र. ते म्हणे पलीकडचं ऐकण्यासाठी. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी त्यांचं नाव पहिल्याच दिवशी ‘वायरलेस महाराज’ ठेवलं.

महाराजांनी सर्व्हरच्या खोलीच्या दाराला हात लावला आणि डोळे मिटले. म्हणाले, इथे कंपनं फार आहेत. मी म्हटलं, मोठे पंखे आहेत. ते माझ्याकडे दयेने बघून हसले.

मग हॉलमधल्या लोकांना त्यांनी समजावून सांगितलं. यंत्राची मेमरी वाढवली. मेमरी म्हणजे काय? आठवण. आठवणीची जागा वाढली, आणि ज्या बाईचा आवाज या भिंतींत भिनलेला होता ती त्या जागेत उतरली. आत्मा हीसुद्धा एक फ्रिक्वेन्सी असते, तिला टॉवर लागतो, तो तुम्ही लावून दिलात. त्यांच्या बोलण्यात अर्धं आकाश होतं आणि अर्धं मोबाईलचं दुकान. लोक मात्र माना डोलवत होते. त्यांनी तिचं लग्नाआधीचं नाव सांगितलं, तिला संध्याकाळी डोकं दुखायचं ते सांगितलं, ती मुलीला ‘चिमी’ म्हणायची तेही सांगितलं. मेहुणीने तोंडावर हात धरला. आदल्या दिवशी अख्खी दुपार आपणच त्यांच्यासमोर बहिणीच्या आठवणी काढून रडत होतो हे तिच्या ध्यानातच आलं नाही. माझ्याही नाही.

मग त्यांनी ‘शांतिकाळ’ सुरू केला. महाराज सर्व्हरच्या दाराशी आसन घालून बसणार. ते बसले आहेत तोवर रुग्णालयात कुणी कळफलकाला बोट लावायचं नाही, नंबर काढायचा नाही, अहवाल छापायचा नाही. सगळ्यांनी हात मांडीवर ठेवून डोळे मिटायचे. महाराज सकाळभर बसले तरी मशीनला काही व्हायचं नाही. उठताना ते सांगायचे, मी उठलो की ती अस्वस्थ होईल, थोड्याच वेळात बोलेल. आणि खरंच, ते उठून फार वेळ जायचा नाही तोच सर्व्हर कोसळायचा आणि ती बोलायची. हॉलमधून हुंकार उठायचा. असं एकदा नाही, रोज व्हायला लागलं.

व्यवस्थापक साहेब शिकलेले, पण तेही हादरले. मला बोलावून म्हणाले, तुम्ही आता त्या मशीनला हात लावू नका. तुमच्या घरातलाच मामला आहे, तुम्हालाच काही व्हायचं.

खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. मलाही हात लावायचा नव्हता.

मेहुणीने महाराजांना मुलीबद्दल विचारलं. त्यांनी डोळे मिटले, कानातलं यंत्र चाचपलं आणि म्हणाले की आईला एकटं वाटतंय, ती लेकीला आत बोलावतेय. आत म्हणजे कुठे? त्यांनी शस्त्रक्रियेच्या खोलीकडे बोट दाखवलं. म्हणाले, आत गेली तर परत येणार नाही. आईला शांत करायला वेळ लागेल, तोवर तारीख पुढे ढकला.

मी घरी गेलो तेव्हा मुलगी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. गळ्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळलेली. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात दवाखान्यात भरती व्हायचंय, बॅग भरू या. ती म्हणाली, मी येणार नाही.

मी डॉक्टरांचं सांगितलं, आईच्या वेळचं सांगितलं. ती ऐकून घेत होती. मग तिने मला विचारलं, “बाबा, तो आवाज आईचा आहे की नाही?”

“आईचाच आहे.”

“ते वाक्य तिच्या रेकॉर्डिंगमध्ये आहे?”

“नाही. मी सगळं ऐकलं.”

“मग कुठून आलं?”

मी बॅग शोधायला वळलो.

“तुम्हालाच माहीत नाही,” ती म्हणाली, “आणि मला म्हणता बेशुद्ध होऊन झोप.”

तिचा स्वभाव मला कळतो. ती हट्टी नव्हती, घाबरलेली होती. ओढणीच्या खाली गाठीच्या जागी तिची बोटं सारखी फिरत होती. मी बॅग भरली, पण ती रिकामी असल्यासारखी दारात पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत भूल देणाऱ्या डॉक्टरबाई माझ्या खोलीत आल्या. डोक्याला हिरवी टोपी तशीच, पायात शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या चपला. माझ्या मुलीला भूल त्याच देणार होत्या. म्हणाल्या, पेशंट येणार नाही असा निरोप आलाय, हे काय चाललंय?

मी सांगितलं. शेवटी म्हटलं, मॅडम, तुम्ही हसाल.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “मला मशीनमधलं काही कळत नाही. पण रोग्याचं विचारतात तसं विचारते. दुखणं सुरू झालं त्याच्या आधी काय बदललं?”

“मेमरी वाढवली.”

“ती तपासली?”

मी म्हटलं, सुरू होताना मशीनने मोजली, सगळी भरली. त्या म्हणाल्या, शाळेत हजेरीला ‘हजर’ म्हणणारा पोरगा तापाने फणफणलेलाही असतो. मोजणं वेगळं आणि तपासणं वेगळं.

मग त्यांनी विचारलं, दुखणं कधी उतरतं? मी म्हटलं, महाराज बसले की. त्या म्हणाल्या, महाराज बसतात तेव्हा आणखी काय काय होतं ते सांगा.

मी सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो. महाराज बसतात तेव्हा अख्खं रुग्णालय काम थांबवतं. आणि ते उठले की साठलेलं सगळं काम एकदम मशीनवर कोसळतं.

“सुट्टीच्या दिवशी मशीन कधी पडलंय का?” त्यांनी विचारलं.

नव्हतं पडलं. सुट्टीच्या दिवशी महाराज कुठे येत होते?

“म्हणजे रोग्याला गुण येतोय तो विश्रांतीने,” त्या म्हणाल्या. “वैद्यबुवा नुसते उशाशी बसून दक्षिणा घेतायत. आता आणखी एक. ती आधी बोलते, की मशीन आधी पडतं?”

मी म्हटलं, सगळे म्हणतात आधी ती बोलते, मग मशीन जातं. त्या म्हणाल्या, सगळे म्हणतात ते सोडा, तुम्ही काय पाहिलंत? मी काहीच पाहिलं नव्हतं. तिचा आवाज आला की मी डोळे मिटत होतो.

त्या दुपारी आम्ही दोघांनी डोळे उघडे ठेवले. त्या हॉलच्या दाराशी उभ्या राहिल्या, मी सर्व्हरसमोर. मशीन गेलं तेव्हा मी दिवे बघत राहिलो. आधी सगळं काळं झालं. मग पंखे जोरात फिरले, दिवे एकेक करून लागले, नंबरांची यंत्रणा चालू झाली. आणि त्यानंतर ती बोलली. हॉलमधल्या माणसाला कॉम्प्युटरचे पडदे दिसत नाहीत, खिडकीवरच्याला आधी वाटतं पडदा नेहमीसारखा अडकलाय, त्यामुळे आधी आवाज ऐकू येतो आणि मग खिडकीवरची बोंब. म्हणून सगळ्यांनी क्रम उलटा लावला होता. ती बोलते म्हणून मशीन पडत नव्हतं. मशीन उठत होतं म्हणून ती बोलत होती.

डॉक्टरबाई तडक साहेबांकडे गेल्या. म्हणाल्या, महाराजांना बसू द्या, आमची हरकत नाही. फक्त या वेळी काम बंद ठेवायचं नाही. अहवाल खोळंबलेत, रोगी ताटकळलेत. महाराजांची शक्ती खरी असेल तर चार बोटांनी कळफलक बडवल्याने ती जायची नाही. साहेबांची चलबिचल झाली, पण अहवालांसाठी भांडणारी माणसं त्यांच्या दाराशी उभीच होती. त्यांनी मान हलवली.

महाराजांना हे आवडलं नाही. अश्रद्धेने कंपनं गढूळ होतात म्हणाले. पण हॉल भरलेला, सगळे त्यांच्याकडे बघतायत. बसावं लागलं. मेहुणी हट्टाने माझ्या मुलीला घेऊन आली होती, महाराजांचा हात डोक्यावर ठेवून घ्यायला. दोघी पहिल्या रांगेत बसल्या.

महाराजांनी डोळे मिटले. खिडक्यांवर कामाला जोर चढला. नंबर निघतायत, अहवाल छापतायत, औषधांची मागणी जातेय. मी दारात उभा. मला वाटत होतं की मशीन पडावं, आणि पडू नये असंही वाटत होतं, कारण पडलं की ती बोलणार आणि पोरगी समोर बसलेली.

महाराज पुटपुटत असतानाच मशीन पडलं. मग वरून ती म्हणाली, आत या ना, किती वेळ बाहेर थांबणार?

महाराजांनी एक डोळा उघडला. मागून एक म्हातारा म्हणाला, बुवा, आज नेटवर्क नाही वाटतं. कुणीतरी हसलं. पण माझी मुलगी हसली नाही. ती मावशीचा दंड धरून पांढरीफटक पडली होती. महाराज तेवढ्यात सावरले. म्हणाले, बघा, आज ती माझंही ऐकत नाही, लेक समोर आली ना. ओढ वाढलीय तिची.

मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि ती निघून गेली. माझा प्रयोग बरोबर निघाला होता आणि माझी मुलगी आधीपेक्षा जास्त घाबरली होती.

साहेबांनी मात्र मला परवानगी दिली. मी मशीन उघडलं. लोक घाबरू नयेत म्हणून हॉलचे स्पीकर बंद केले, नव्या पट्ट्या काढून निम्म्या परत बसवल्या, सगळ्यांना काम चालू ठेवायला सांगितलं. पडलं नाही. त्या काढून दुसऱ्या निम्म्या बसवल्या. पडलं. मग एकेक पट्टी. अशा रीतीने एका पट्टीवर येऊन थांबलो. बाकीच्यांसारखीच हिरवी, स्वच्छ, कुठे डाग नाही. तीच सदोष होती. ती काढून ठेवली आणि गर्दी कितीही झाली तरी सर्व्हर जागचा हलला नाही.

साहेबांना मी हॉलच्या खुर्च्यांवरून समजावलं. लोक आधी पुढच्या रांगा भरतात. शेवटच्या रांगेतली एक खुर्ची मोडकी असेल तर हॉल रिकामा असताना ते कुणालाच कळत नाही. गर्दी झाली की कुणीतरी तिच्यावर बसतो आणि आपटतो. मेमरीचंही साधारण तसंच. काम थोडं असलं तर मोडक्या जागेपर्यंत कुणी पोचत नाही. महाराज हॉल रिकामा करत होते आणि खुर्ची आपण दुरुस्त केली म्हणून सांगत होते.

मशीन पडायचं बंद झालं, तशी फाटकाबाहेर वेगळीच बातमी पसरली. महाराजांनी तिला मुक्त केलं. त्यांनीच तसं सांगितलं होतं. मेहुणीने पेढे वाटावेत तशा उत्साहाने मला फोन केला. पण लेकीचं काय, मी विचारलं. ती घुटमळली. महाराज म्हणतात, ती सुटली, पण जाताना बोलावणं ठेवून गेलीय. भरती नका करू.

तेव्हा मला कळलं की पट्टी सापडून काही उपयोग नाही. माझ्या पोरीला मशीन का पडतं हे कधीच विचारायचं नव्हतं. तिने ओट्याला टेकून विचारलेला प्रश्न एकच होता. ते वाक्य कुठून आलं?

मी पुन्हा खाली बसलो. ती बोलते ते मशीन उठताना. मग उठताना मशीन काय काय करतं ते मी क्रमाने बघत गेलो. नंबरांची यंत्रणा चालू झाली की सगळ्यांत आधी स्वतःचे स्पीकर तपासते, एक आवाज थोडासा वाजवून. तो आवाज घोषणांमध्ये ठेवलेला नव्हताच. यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीने तो आपल्या चाचणीच्या सामानात ठेवला होता. मी घोषणांमध्ये शोधत राहिलो, कारण तिचा आवाज म्हणजे घोषणा असंच मी धरून चाललो होतो. आणि आजवर तो कुणी ऐकला नव्हता, कारण सर्व्हर आम्ही मुद्दाम बंद करायचो ते सुट्टीला, आणि सुट्टीला हॉलचे स्पीकर बंद असतात. भर गर्दीत हा सर्व्हर याआधी कधी पडलाच नव्हता.

मला तो आवाज सापडला. मी तो ऐकला नाही. मुलीला बोलावलं.

ती यायला तयार नव्हती. मी म्हटलं, तू विचारलं होतंस त्याचं उत्तर सापडलंय, पण मीही अजून ऐकलेलं नाही, एकट्याने ऐकायची मला भीती वाटते. ते खरं होतं. ती आली. मेहुणी आली. डॉक्टरबाई येऊन दाराशी उभ्या राहिल्या.

मी आधी धडधाकट सर्व्हर हाताने बंद केला आणि चालू केला. खिडक्यांवर तेवढ्या वेळासाठी कागदावर काम चाललं होतं. दिवे लागले आणि हॉलमधून ती म्हणाली, आत या ना. मेहुणी दचकली. मी म्हटलं, महाराजांनी मुक्त केली ना? पुन्हा बंद केला, पुन्हा चालू केला. पुन्हा तेच. तेच शब्द, ‘इथेच’वर तोच जोर, मध्ये तोच श्वास. जिवंत माणूससुद्धा एक वाक्य दोनदा असं हुबेहूब म्हणू शकत नाही.

मग मी कळफलक मुलीसमोर सरकवला. म्हटलं, स्पीकर तपासताना मशीन फक्त सुरुवात वाजवतं. पूर्ण रेकॉर्डिंग यात आहे. तू बटण दाब.

तिने बराच वेळ बोट वर धरलं. मग दाबलं.

“ऐकू येतंय का? मी इथेच आहे. आत या ना. किती वेळ बाहेर थांबणार?” आणि पुढे, जे आम्ही कधी ऐकलं नव्हतं, खुर्ची करकरली आणि ती हसू दाबत म्हणाली, “अहो, काचेतून हातवारे काय करताय, मला काही कळत नाही. दार ओढू नका. ढकला. ढकला हो, कुलूप नाही. सगळे येतात ते ओढतातच.” दार उघडल्याचा आवाज, एका पुरुषाचं ओशाळं ‘सॉरी मॅडम’, आणि तिचं हसणं.

चौकशी खिडकीच्या काचेच्या खोलीचं दार अजूनही तसंच आहे. रेकॉर्डिंग करायला आलेला कंपनीचा माणूस बाहेर अडकला होता आणि माईक आधीच चालू होता. तिचं पहिलं बोलणं त्याने चाचणीसाठी ठेवून दिलं.

मुलगी टेबलावर डोकं ठेवून रडली. हसतही होती. मेहुणी भिंतीला टेकून खाली बसली. म्हणाली, “चिमी हे नाव मीच सांगितलं होतं त्यांना. तिचे फोटोसुद्धा मीच दाखवले.”

मुलीने डोळे पुसले आणि डॉक्टरबाईंना विचारलं, “मी जागी होईन ना?”

त्या म्हणाल्या, “झोपवणं सोपं असतं गं. जागं करणं हेच माझं काम आहे. मी शेवटपर्यंत तुझ्या उशाशी असते. कानात काही न घालता.”

तारीख आम्ही पुढे ढकलली नाही. ती आत गेली तेव्हा मी हॉलमध्येच बसलो होतो आणि मला आधीइतकीच भीती वाटत होती. ती भीती खरी होती, तिला कारण होतं. गाठ पूर्ण निघाली. पुढचे काही दिवस पोरीचा आवाज घोगरा झाला होता, त्या घोगऱ्या आवाजात ती मावशीला दटावत होती.

महाराजांनी रुग्णालयाकडे यायचं सोडलं. साहेबांनी हॉलमध्ये ते पूर्ण रेकॉर्डिंग सगळ्यांना ऐकवलं आणि सदोष पट्टी दाखवली. म्हातारे हसले, बायका हळहळल्या. मग डॉक्टरबाई आणि मी, आवाज ऐकून निघून गेलेल्या रोग्यांना फोन करायला बसलो. बहुतेक परत आले. एका घरी बाईने फोन उचलला. मी म्हटलं, भिण्यासारखं काही नव्हतं, मशीनचा दोष होता, त्यांना घेऊन या. ती म्हणाली, आता उशीर झाला भाऊ, ते गेले. मग तिने विचारलं, तुम्ही आधी का नाही फोन केला?

म्हणून हे लिहून ठेवतोय. भिण्यात कमीपणा नाही. मी माझ्या बायकोच्या आवाजाला भ्यालो. पण भीती वाटेल तेव्हा स्वतःला विचारा, याच्या आधी काय बदललं होतं? कुणी येऊन बसला की चमत्कार होतो असं दिसलं, तर तो बसल्यावर आणखी काय काय थांबतं ते बघा. आधी काय झालं आणि नंतर काय, ते डोळे उघडे ठेवून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय होतं ते पाहा. याला फार शिकलेलं असावं लागत नाही. आणि उत्तर सापडेपर्यंत औषध थांबवू नका, शस्त्रक्रियेची तारीख ढकलू नका, कुणी कितीही गोड बोललं तरी. मेलेल्यांना कसली घाई नसते. आजाराला असते.